अमेरिकी सैन्यातली रजा उणे गेली तर: परत मागितलेल्या पगाराचं गणित

माझा भाचा अमेरिकी आर्मीत जेमतेम दहा महिने होता. तेवढ्यात त्याने ३२ दिवस रजा घेतली, आणि त्यातला एकही दिवस वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय नव्हता. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे त्याला सेवेतून मुक्त केलं, शेवटचा पगार पूर्ण हातात पडला आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो. चार महिन्यांनी न्यू जर्सीतल्या माझ्या पत्त्यावर त्याच्या नावाने पत्र आलं: तुमच्याकडे ११ दिवसांचा पगार निघतो, परत करा.

"मामा, रजा तर मंजूर होती ना?" त्याचा पहिला प्रश्न.

होती. पण रजा मंजूर होणं वेगळं आणि ती रजा कमावलेली असणं वेगळं. सगळी गोम इथे आहे, आणि नव्याने भरती झालेल्या पोरांना ती कोणी नीट समजावून सांगत नाही. ग्रीन कार्डावर सैन्यात जाणारी, किंवा इथेच जन्मलेली आपली मुलं हल्ली अधूनमधून भेटतात. त्यांच्या घरचे मला फोन करतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी वकील नाही, हिशेबनीस आहे, त्यामुळे हे सगळं हिशेबाच्या बाजूने वाचा.

आधी रजेचं खातं समजून घ्या

सक्रिय सेवेतल्या प्रत्येकाला, मग तो कालचा रंगरूट असो की जनरल, महिन्याला अडीच दिवस रजा मिळते. वर्षाला ३०. अमेरिकी कायद्याच्या टायटल १० मधलं कलम ७०१ हे ठरवतं. महिना अर्धवट असेल तर साधारण दर सहा दिवसांना अर्धा दिवस धरतात. वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. वर्ष संपताना एरवी ६० दिवसांपर्यंतची शिल्लक पुढे नेता येते.

सातारा-सांगलीकडच्या घरांत फौजीची सुट्टी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. भारतीय जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, त्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांना अमेरिकेतले ३० दिवस फारच थोडे वाटतात. त्यात एक मेख आहे. अमेरिकी सैन्यात रजा कॅलेंडरच्या दिवसांनी मोजतात. रजेच्या मधे आलेला शनिवार, रविवार, सणाची सुट्टी सगळं खात्यातून वजा होतं. भारतात जाण्यायेण्यात जाणारे तीन-चार दिवससुद्धा रजेतच धरा.

आता खातं उणे जाण्याच्या दोन पातळ्या आहेत. कागदावर त्या शेजारी शेजारी दिसतात, पण परिणाम अगदी निराळे.

पहिली ॲडव्हान्स लीव्ह, म्हणजे आगाऊ रजा. आज शिल्लक नाही, पण करार संपेपर्यंत तेवढे दिवस तुम्ही कमावणार आहात, म्हणून ते आधीच वापरायला दिले. या काळात पगार आणि भत्ते चालू राहतात. पगाराची उचल घ्यावी तशी ही रजेची उचल.

दुसरी एक्सेस लीव्ह, म्हणजे जादा रजा. साठलेली संपली आणि करार संपेपर्यंत कमावता येईल तीही संपली, त्याच्या पलीकडचे दिवस. ही रजा मंजूर असली तरी बिनपगारी असते. मूळ वेतन नाही, भत्ते नाहीत, आणि त्या दिवसांत नवीन रजाही साठत नाही. टायटल ३७ चं कलम ५०२ हा त्याचा आधार.

गैरहजेरीचा प्रकार, ज्याला सगळे एवॉल (ॲब्सेंट विदाउट लीव्ह) म्हणतात, तो या दोन्हींहून वेगळा. तिथे परवानगीच नसते. पगार जातो तो कलम ५०३ खाली, वर लष्करी कायद्याच्या कलम ८६ खाली कारवाई होऊ शकते, आणि गमावलेला काळ नंतर भरून द्यावा लागू शकतो. जादा रजा घेतलेला माणूस गुन्हेगार नसतो, तो फक्त देणेकरी असू शकतो. पत्र हातात पडल्यावर घाबरलेल्या घरच्यांना मी आधी हे वाक्य सांगतो.

आता गाठ कुठे बसते ते बघा. आगाऊ रजा घेतानाचा पगार रीतसर असतो. पण ती फेडून होण्याआधीच माणूस सेवेतून बाहेर पडला, तर बाहेर पडण्याच्या दिवशी जेवढे दिवस उणे असतील ते जादा रजा ठरतात. घेतली तेव्हा आगाऊ होती, हिशेब मिटवताना जादा झाली. आणि जादा रजेला पगार नाही, म्हणून आधी मिळालेला पगार परत करायचा.

नवशिक्याचंच खातं उणे का जातं

कारण उघड आहे, त्याची कमाई अजून सुरू व्हायची असते. आर्मीच्या प्रशिक्षण केंद्रांत नाताळच्या सुमारास जवळजवळ सगळ्यांनाच दोनेक आठवड्यांची सामूहिक रजा मिळते. हॉलिडे ब्लॉक लीव्ह म्हणतात तिला. ऑक्टोबरात भरती झालेल्या पोराच्या खात्यात तोवर सात दिवससुद्धा मुश्किलीने असतात. मरीन कोअरमध्ये १३ आठवड्यांचं बूट कॅम्प संपलं की दहा दिवस घरी सोडतात, आणि तीन महिन्यांची कमाई साडेसात दिवस. म्हणजे गणवेश घालून पहिल्यांदा आईसमोर उभा राहिलेला मुलगा बहुतेक वेळा दोन-चार दिवस उणेच असतो. यात बिघडत काहीच नाही, पुढच्या एक-दोन महिन्यांत ते भरून निघतं. बिघडतं ते तेवढ्यात नोकरी सुटली तर.

माझ्या भाच्याचं खातं मांडून दाखवतो, म्हणजे तुमचं तुम्हाला मांडता येईल.

भरती १ ऑक्टोबरला. डिसेंबरात १४ दिवसांची ब्लॉक लीव्ह. एप्रिलअखेर सात महिन्यांचे साडेसतरा दिवस जमा, १४ खर्च, शिल्लक साडेतीन. मे महिन्यात सांगलीला आजी दवाखान्यात. ६ मे ते २३ मे, १८ दिवसांची रजा मंजूर. मेअखेर जमा २०, खर्च ३२, म्हणजे उणे १२. ३१ जुलैला तो मुक्त झाला. दहा महिन्यांचे जमा २५, खर्च ३२, उणे ७.

सात. मग पत्रात ११ कुठून आले? ते पुढे सांगतो.

पायरी पहिली: रजा मागण्याआधी एलईएस उघडा

मायपे या संकेतस्थळावर दर महिन्याला लीव्ह अँड अर्निंग्ज स्टेटमेंट येतं. सगळे त्याला एलईएस म्हणतात. पोरं त्यातला खात्यात जमा झालेला आकडा बघतात आणि पान मिटतात. मधली रजेची ओळ कोणी वाचत नाही. खरं तर सगळी कुंडली तिथे असते.

बीएफ बॅल म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक. अर्न्ड म्हणजे या वर्षात कमावलेली, यूज्ड म्हणजे वापरलेली. सीआर बॅल म्हणजे आजची शिल्लक. त्याच्या शेजारी असतो ईटीएस बॅल. आज रजा घेणं थांबवलं, तर करार संपेल त्या दिवशी खात्यात किती दिवस असतील याचा तो अंदाज.

हे दोन आकडे जोडीने वाचा. सीआर बॅल उणे आणि ईटीएस बॅल धन, तर तुम्ही उचल घेतलेली आहे. करार पूर्ण केलात तर कोणी काही मागणार नाही, मधेच बाहेर पडलात तर आजचा उणे आकडा मागितला जाईल. ईटीएस बॅलच उणे असेल, तर तुम्ही आताच जादा रजेत आहात आणि पगारातून कपात व्हायला हवी. झाली नसेल तर खुश होऊ नका. न कापलेले पैसे म्हणजे पुढचं कर्ज.

नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह या अर्धवेळ दलांमधल्यांनी इथे जरा जास्त सावध राहायचं. त्यांची रजा एकेका ऑर्डरच्या, म्हणजे सक्रिय सेवेवर बोलावणाऱ्या हुकुमाच्या, काळापुरती मोजली जाते. वर्षभराची ऑर्डर गृहीत धरून आगाऊ रजा घेतली आणि ऑर्डर सहा महिन्यांत आवरली, की हिशेब उलटतो.

पायरी दुसरी: खात्यातून न जाणारी रजा आहे का ते विचारा

दरवेळी खात्याला हात लावायची गरज नसते. तीन-चार दिवसांचा पास, आजारपणानंतरची कॉन्व्हॅलेसंट लीव्ह, मूल झाल्यावरची १२ आठवड्यांची पालकत्व रजा यांचे दिवस खात्यातून वजा होत नाहीत. ते आधी वापरा.

तातडीच्या रजेबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. एमर्जन्सी लीव्ह मिळाली म्हणजे फुकट मिळाली असं लोक धरून चालतात. नाही. ती लवकर मंजूर होते, पण दिवस नेहमीसारखेच खात्यातून जातात. एक निराळी तरतूद आहे, टायटल १० च्या कलम ७०९ मध्ये. खातं उणे किंवा जादात जाऊ नये एवढ्याचसाठी, जास्तीत जास्त १४ दिवसांची, खात्यातून न जाणारी अनुपस्थिती मंजूर करता येते. संपूर्ण सेवेत एकदाच. नवशिक्याला तिची गरज सगळ्यात जास्त आणि माहिती सगळ्यात कमी. भाच्याच्या वेळी मलाही ती ठाऊक नव्हती. वरिष्ठांना तिचं नाव घेऊन विचारा. मिळेलच असं नाही, पण न विचारता नक्कीच मिळत नाही.

आणि आता आजीचा प्रश्न. आपल्याकडे आजी घरातलीच. अमेरिकी सैन्याच्या तातडीच्या रजेच्या व्याख्येत मात्र जवळचं कुटुंब म्हणजे आईवडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं, आणि ज्यांनी आईवडिलांच्या जागी राहून वाढवलं ते. नुसती आजी साधारणपणे त्यात बसत नाही. आईवडील नोकरीपायी दूर आणि आजीनेच लहानाचं मोठं केलं असेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहा. 'ग्रँडमदर' एवढा एक शब्द टाकून मोकळे होऊ नका. साधी रजा तर कोणासाठीही मागता येते.

आजारपणाची खातरजमा अमेरिकन रेड क्रॉसमार्फत होते. सांगली-कोल्हापुरातल्या नातेवाइकांकडून दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचं नाव, वॉर्डाचा फोन एवढं आधीच लिहून घ्या. सैनिकाचं पूर्ण नाव, पद, जन्मतारीख आणि तुकडीही लागते. रेड क्रॉसचा संदेश ही रजेची परवानगी नव्हे, वरिष्ठांना दिलेली खात्री आहे. निर्णय वरिष्ठांचाच.

पायरी तिसरी: मंजुरीत दिवसांची फोड बघा

आर्मीच्या जुन्या डीए फॉर्म ३१वर चार चौकटी असायच्या: साठलेली, मागितलेली, आगाऊ आणि जादा. किती सोपं होतं बघा. आता आर्मीत हे काम आयपीपीएस-ए या प्रणालीत होतं, एअर फोर्सचं लीव्हवेब आहे, मरीनचं मरीन ऑनलाइन. पडदा कुठलाही असो, मंजुरी आल्यावर स्वतःला विचारायचं ते हेच चार आकडे. उत्तर मिळालं नाही तर तुकडीच्या एस-१ कार्यालयात, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, जाऊन विचारा आणि जे सांगतील ते ईमेलवर मागून घ्या. तोंडी "इट्स फाइन" नंतर कोणाला आठवत नाही.

दिवस जादात जाणारच असतील तर निघण्याआधी दोन गोष्टी. पगारातून परस्पर जाणारे हप्ते, ज्यांना अलॉटमेंट म्हणतात, ते पगार नसला की कुठून जाणार? गाडीचा हप्ता त्यातून जात असेल तर आधी सोय लावा. दुसरी, जादा रजेत गंभीर दुखापत झाली तर अपंगत्वाच्या लाभांवर परिणाम होऊ शकतो, कारण ते मूळ वेतनाच्या हक्काशी बांधलेले आहेत. शिक्षण किंवा आणीबाणी या कारणांसाठी कायद्यात अपवाद आहे, म्हणून कारण कागदावर नोंदलेलं हवं.

पैशांची अडचण असेल तर आर्मी एमर्जन्सी रिलीफ, नेव्ही-मरीन कोअर रिलीफ सोसायटी, एअर फोर्स एड सोसायटी, कोस्ट गार्ड म्युच्युअल असिस्टन्स यांच्याकडून बिनव्याजी कर्ज किंवा मदत मिळू शकते. भारताचं तिकीट क्रेडिट कार्डावर घेण्याआधी तिथे विचारा.

पायरी चौथी: परत आल्याची नोंद त्याच दिवशी

भाच्याचे चार दिवस इथे गेले.

तो गुरुवारी रात्री परतला. मेमोरियल डेच्या आधीचा गुरुवार. शुक्रवारपासून तुकडीला चार दिवसांची सुट्टी लागलेली. रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाला त्याने हजेरी दिली आणि तो खोलीत जाऊन झोपला. कागद मंगळवारी कार्यालयात पोचला, तिथे कोणीतरी परतीची तारीख सोमवार धरली, आणि १८ दिवसांची रजा २२ झाली. उणे ७ चे उणे ११. दोन महिने ते एलईएसवर दिसत होतं. बघितलं कोणी नाही.

परतल्याची नोंद झाली की तिची प्रत किंवा फोटो ठेवा. रात्री उशिरा पोचलात तर ड्युटीवरच्या व्यक्तीची नोंद किती वाजता झाली तेही टिपून ठेवा. पुढच्या महिन्याच्या एलईएसवर यूज्डचा आकडा किती दिवसांनी वाढला ते बघा. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि महिना-दोन महिन्यांत चूक पकडली तर एस-१ मध्ये ती सहज दुरुस्त होते. नोकरी सुटल्यावर तीच चूक सुधारायला मला नऊ ईमेल करावे लागले.

पायरी पाचवी: बाहेर पडण्याआधी हिशेब मागा

मुक्त होण्याची तारीख कळली की वित्त कार्यालयात जाऊन उणे दिवसांचा आकडा लेखी मागा. सैन्यात महिना ३० दिवसांचा धरतात, म्हणजे एक दिवस म्हणजे मासिक वेतनाचा तिसावा भाग. सोप्या आकड्यासाठी मूळ वेतन २,४०० डॉलर धरा, दिवसाला ८० झाले. ७ दिवसांचे ५६०, ११ दिवसांचे ८८०. त्या दिवसांचे भत्ते मिळाले असतील तर त्यांचा हिशेब निराळा.

उणे आकडा असेल तर शेवटच्या पगारातून कापून घ्या असं आपणहून सांगा. शेवटचा पगार पूर्ण आला तर तो तसाच बाजूला ठेवा. आम्ही त्यातून भाच्याला लॅपटॉप घेतला होता.

करार वाढवताना किंवा नव्याने करार करतानाही उणे शिल्लक कशी धरणार ते सही करण्याआधी विचारा. आणि जाण्यापूर्वी सगळे एलईएस उतरवून घ्या.

पायरी सहावी: पत्र आलं तर

पत्र येतं डिफेन्स फायनान्स अँड अकाउंटिंग सर्व्हिसकडून, म्हणजे डीफासकडून. मुख्यालय इंडियानापोलिसला. त्यात रक्कम, कारण आणि मुदत असते. पत्र खोटं असेल अशी शंका आली तर ती शंका योग्यच आहे, हल्ली फसवणूक कमी नाही. पत्रातल्या क्रमांकावर फोन न करता डीफासच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करा.

पत्र खरं निघालं की लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून लगेच पूर्ण रक्कम भरतात. काही जण 'रजा मंजूर होती' म्हणून पत्र टाकून देतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. व्याज आणि दंड चढतो, नोंद क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या कंपन्यांकडे, जाऊ शकते, आणि १२० दिवसांहून जास्त थकलेलं देणं सरकारी खजिन्याकडे, म्हणजे ट्रेझरीकडे जातं. मग आयकराचा परतावा येतो तो कापूनच.

आधी गणित तपासा. ही रक्कम कशावरून काढली त्याचा तपशील आणि कागद मागा, तो तुमचा हक्क आहे. भरतीची तारीख, मुक्तीची तारीख, प्रत्येक रजेची सुरुवात आणि शेवट असं एका कागदावर मांडा आणि महिन्याचे अडीच दिवस जमा करत या. माझ्या अनुभवात कायद्यावर वाद घालण्यापेक्षा बेरीज-वजाबाकी तपासण्यात जास्त फायदा आहे. आमच्या बाबतीत चार दिवसांची चूक सापडली. पुरावा काय, तर विमानाचा बोर्डिंग पास. निघताना आजीने दिलेली अंगाऱ्याची पुडी विमानात सुटली म्हणून पठ्ठ्याने ती बोर्डिंग पासात गुंडाळली आणि ती पुडी बॅगेत तशीच राहिली. त्याच्या जोडीला ड्युटीच्या वहीतली नोंद त्याच्या एका मित्राने मिळवून दिली. दोन्ही पाठवल्यावर ११ चे ७ झाले.

उरलेल्या ७ दिवसांसाठी माफी मागता येते का? इथे नीट वाचा, कारण इंटरनेटवर सगळे 'वेव्हर टाका', म्हणजे माफीचा अर्ज करा, म्हणतात.

टायटल १० च्या कलम २७७४ खाली चुकून दिलेला पगार माफ होऊ शकतो. अर्ज डीडी फॉर्म २७८९वर, चूक उघडकीस आल्यापासून पाच वर्षांच्या आत. अट अशी की वसुली न्यायाला धरून नसावी, आणि तुमच्याकडून लबाडी, दडवादडवी किंवा निष्काळजीपणा झालेला नसावा. अडचण 'चुकून' या शब्दात आहे. आगाऊ रजा नियमाने मंजूर झाली, पगार नियमाने मिळाला, मग चूक कुठली? दिला तेव्हा तो बरोबरच होता. त्यामुळे निव्वळ आगाऊ रजेच्या देण्यावर हा अर्ज पहिल्याच पायरीला अडखळतो. याउलट, जादा रजेत असताना पगार थांबवायला हवा होता आणि कार्यालयाने तो चालूच ठेवला, तर ती खरोखरची चूक. तिथे अर्जाला अर्थ आहे. पण तेव्हाही विचारतील: एलईएसवर उणे आकडा दिसत होता, तुम्ही कोणाला विचारलंत का? विचारल्याचा ईमेल असेल तर तो अर्जाला जोडायचा. घरची ओढाताण हे या अर्जात कारण धरत नाहीत. आणि पैसे भरले म्हणून माफी मागण्याचा हक्क जात नाही, त्यामुळे अर्ज चालू असताना हप्ते थांबवून व्याज ओढवून घेऊ नका.

घरची ओढाताण सांगायची जागा वेगळी, तिला रेमिशन म्हणतात. हे त्या त्या दलाच्या सचिवांच्या अधिकारातलं. आर्मीत डीए फॉर्म ३५०८ असतो. तिथे अन्याय आणि हलाखी दोन्ही बघतात. पण न फेडलेली रक्कमच माफ होते, आणि नोकरी सुटल्यावर मुदतीचं बंधन येतं, म्हणून सेवेत असतानाच अर्ज केलेला बरा.

नोंदच चुकीची असेल आणि कार्यालय ऐकत नसेल, तर शेवटची पायरी म्हणजे रेकॉर्ड दुरुस्त करणारं मंडळ. डीडी फॉर्म १४९, चूक कळल्यापासून तीन वर्षं. हा रस्ता लांबचा आहे. चार दिवसांसाठी मी तो धरला नसता, चाळीस दिवसांसाठी नक्की धरीन.

फेडायचंच ठरलं तर हप्ते मागा. सेवेत असणाऱ्याच्या पगारातून कापताना कायद्याने त्या महिन्याच्या वेतनाचा किमान एक तृतीयांश हातात ठेवावाच लागतो, आणि स्वतःची चूक नसताना जादा पैसे आले असतील तर कपातीची मर्यादा याहूनही कमी असते. एकतृतीयांशावर घर चालत नाही, म्हणून कपात सुरू होण्याआधीच बोला.

कर सल्लागाराला एक गोष्ट आठवणीने सांगा. ज्या वर्षी पगार मिळाला त्याच वर्षी परत केला तर हिशेब सरळ असतो. वर्ष उलटलं तर आधी कापला गेलेला आयकर धरून रक्कम भरावी लागू शकते, आणि तो कर मग तुम्ही आपल्या विवरणपत्रातून सोडवायचा. म्हणून पत्र नोव्हेंबरात आलं असेल तर ३१ डिसेंबरच्या आत मिटवता येतं का ते बघा.

दोन निराळे प्रकार, थोडक्यात

कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा झालेल्याला अपिलाचा निकाल लागेपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवता येतं, आणि साठलेले दिवस संपले की ती जादा रजा, म्हणजे बिनपगारी. पुढे शिक्षा रद्द झाली तर टायटल १० च्या कलम ७०७ खाली त्या काळाचा पगार मिळू शकतो, पण मधल्या काळात बाहेर नोकरी करून कमावलेलं त्यातून वजा होतं. यात पडलेल्याने लष्करी वकील गाठावा, मामा नव्हे.

आणि जादा रजा हौसेने घेणारेही आहेत. एअर फोर्स आणि मरीन कोअरमध्ये काही अधिकारी कायद्याचं शिक्षण घेण्यासाठी बिनपगारी जादा रजेवर जातात आणि पदवी घेऊन लष्करी वकील म्हणून परत येतात. त्यांच्याकडून कोणी काही परत मागत नाही, कारण त्यांनी त्या काळात काही घेतलेलंच नसतं.

भाच्याने ७ दिवसांची रक्कम पे डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून दोन हप्त्यांत भरली. भरल्यावर शिल्लक शून्य झाल्याचं पत्र मागून घ्या, ते आपोआप येईलच असं धरू नका. आणि पत्ता बदलला की डीफासला कळवा. आमचं पहिलं पत्र बराकीच्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं होतं, मुदतीतले तीन आठवडे तिथेच संपले होते.